चौकातील रोषणाई आणि पालिकेची तिजोरी

सार्वजनिक चौकात शोभेची विद्युत रोषणाई करावी काय, आणि करायची झाल्यास तिचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. परंतु लहान शहराच्या कारभारातील ज्या मोजक्या बाबींवर एरवी गप्प राहणारा नागरिकही हिरिरीने बोलतो, त्यांत या प्रश्नाची गणना करावी लागते. जमिनीखालून जाणाऱ्या सांडपाण्याच्या वाहिनीवर किती पैसे खर्ची पडले याचा अंदाज रस्त्याने जाणाऱ्याला येत नाही. रोषणाई मात्र प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर लखलखत असते आणि तिच्यातील बंद पडलेला दिवाही तितक्याच ठळकपणे दिसतो. त्यामुळे खर्चाच्या मानाने जी बाब लहान, तीच चर्चेत मोठी होऊन बसते. गोव्याच्या उत्तर भागातील पेडणे आणि डिचोली या तालुक्यांच्या संदर्भात हा प्रश्न तपासणे विशेष उद्बोधक आहे, कारण तेथे दिव्यांच्या आराशीची परंपरा जुनी असून तिचा खर्च भागवण्याची रीतही एके काळी ठरलेली होती. ती रीत बदलली, आणि वादाचे मूळ पुष्कळ अंशी या बदलात आहे.

पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे तालुके ‘नव्या काबिजादी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशात मोडतात. तिसवाडी, बार्देश आणि साष्टी हे प्रांत पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात घेतले, तर उत्तरेकडील हा मुलूख त्यांच्या हाती अठराव्या शतकाच्या अखेरीस, १७८०च्या दशकात लागला. जुन्या काबिजादीत देवळे पाडली गेली आणि दैवतांना नदीपार हलवावे लागले. नव्या काबिजादीत मात्र देवस्थाने जागच्या जागी राहिली, त्यांचे मानकरी, उत्सव आणि जत्रा टिकल्या. या इतिहासाचा शहरांच्या ठेवणीवरही परिणाम झालेला दिसतो. पणजीच्या चर्चपुढील चौक किंवा मडगावातील बागेभोवतालची मोकळी जागा युरोपीय धर्तीवर आखलेली आहे, तर पेडणे किंवा डिचोली येथे चौक म्हणजे बाजारपेठ, देवळाकडे जाणारी वाट आणि बसगाड्या थांबण्याची जागा यांचा मिळून झालेला परिसर होय. पेडण्यात श्री भगवतीच्या देवळाचा परिसर आणि बाजार यांना एकमेकांपासून तोडून पाहता येत नाही; डिचोलीत बुधवारच्या आठवडी बाजाराची गर्दी आणि उत्सवाची गर्दी त्याच रस्त्यांवर उतरते. त्यामुळे येथे चौकातील दिवे हा केवळ नगररचनेचा विषय राहत नाही, तो उत्सवाचाही विषय होतो.

उत्सवाच्या उजेडाची व्यवस्था या प्रदेशात किती जुनी आहे, हे देवळांपुढील दीपस्तंभांवरून कळते. डिचोली तालुक्यातील नार्वे येथील श्री सप्तकोटेश्वराचे देऊळ छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने १६६८ मध्ये पुन्हा बांधले गेले. मूळचे दिवाडी बेटावरील हे दैवत पोर्तुगीज अंमलात नदीच्या अलीकडे आणले गेले होते. त्या देवळापुढील दीपस्तंभ, किंवा फोंडा तालुक्यातील मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ, हा वास्तुशास्त्राच्या दृष्टीने शोभेच्या प्रकाशयोजनेचाच नमुना म्हणावा लागेल, कारण त्याच्या कोनाड्यांत पेटणाऱ्या पणत्यांचा हेतू वाट दाखवणे हा नसून उत्सवाची वर्दी देणे हा होता. हातात पाच वातींचे मातीचे दिवज घेऊन सुवासिनींनी देवळाभोवती निघण्याचा दिवजोत्सव हाही याच परंपरेतला. डिचोलीचे कुंभारकाम गोव्यात नावाजलेले आहे आणि अशा उत्सवांनी कुंभारांच्या चाकाला काम दिले. साखळीजवळ विठ्ठलापूर येथे वाळवंटी नदीत त्रिपुरारी पौर्णिमेला सजवलेल्या, उजळलेल्या होड्या सोडण्याचा सोहळा होतो, आणि त्यासाठी आज राज्य शासनाच्या खात्यांचे साहाय्यही मिळते.

या सर्व उजेडाचा पैसा कोठून येत असे, हे समजून घेणे आवश्यक आहे. तेलवातीसाठी जमिनी इनाम देण्याची पद्धत मराठी मुलखात सर्वत्र होती आणि दिवाबत्तीचे इनाम हा जुन्या कागदपत्रांतील परिचित प्रकार आहे. गोव्यात देवस्थानांचे मालक व व्यवस्थापक म्हणजे ‘महाजन’. पोर्तुगीज सरकारने त्यांच्या कारभारासाठी १८८६ मध्ये स्वतंत्र नियमावली केली आणि १९३३ मध्ये ती सुधारून लागू केली. तिच्यानुसार देवस्थानाचा जमाखर्च तालुक्याच्या प्रशासकाच्या नजरेखालून जाऊ लागला, आणि आजही ते काम मामलेदाराकडे आहे. म्हणजे महाजनांनी उत्सवात किती तेल जाळले, याचीही नोंद कोठेतरी होत होती. ज्याने नवस केला त्याने दिवे लावले, ज्या वाड्याचा मान त्याने त्या रात्रीचा खर्च केला, उरलेले वर्गणीतून भागले. गावातील प्रत्येकाला पैसे कोणी दिले ते ठाऊक असे आणि ज्याने दिले त्याला त्याचे श्रेय मिळे. डिचोलीचा ‘नव्याचा सोमवार’ हा श्री शांतादुर्गेचा उत्सव, ज्यात रात्रभर पालखी शहरातून फिरते आणि जागोजागी गायनाच्या बैठका रंगतात, तो आजही मुख्यतः या लोकाश्रयाच्या बळावर चालतो. म्हापशाच्या बोडगेश्वराच्या जत्रेतील डोळे दिपवणारी रोषणाईही देवस्थान आणि भाविक यांच्या पैशातून होत असल्यामुळे तिच्या खर्चावर पालिकेच्या सभेत खडाजंगी होण्याचा प्रश्नच येत नाही.

आधुनिक स्थानिक स्वराज्य संस्था आल्यावर चित्र बदलले. १९६१ च्या मुक्तीनंतर गोव्यात जो नगरपालिका कायदा १९६८ मध्ये करण्यात आला, त्यात सार्वजनिक रस्ते, जागा आणि इमारती यांच्या दिवाबत्तीची सोय करणे हे पालिकेच्या आवश्यक कर्तव्यांत गणले आहे. आवश्यक कर्तव्य म्हणजे जे टाळण्याची मुभा नाही असे काम. याउलट ऐच्छिक कर्तव्ये ही पैसा उरल्यास करावयाची असतात. पुढे १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकांकडे सोपवण्याजोग्या विषयांच्या यादीत, रस्त्यावरील दिव्यांचा उल्लेख वाहनतळ, बसथांबे आणि सार्वजनिक शौचालये यांच्या जोडीने झाला. दोन्ही ठिकाणी कायद्याला अभिप्रेत असलेला उजेड गरजेचा आहे: अंधारात ठेच लागू नये, चोरी होऊ नये, वाहन अंगावर येऊ नये, एवढ्यासाठीचा. शोभेच्या दिव्यांना कायद्याने मज्जाव केलेला नाही, परंतु त्यांना आवश्यक कर्तव्याचे संरक्षणही नाही. आणि वादाची पहिली गाठ येथेच बसते, कारण पालिकेच्या खर्चपत्रकात दोन्ही प्रकारचे दिवे एकाच शीर्षकाखाली बसवणे सहज शक्य असते.

वस्तुतः चौकातील प्रकाशाचे तीन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. पहिला नेहमीचा रस्त्यावरील दिवा आणि त्याच्याच जातीचा ‘हायमास्ट’, म्हणजे उंच खांबावर चोहोबाजूंना बसवलेला दिव्यांचा झुबका. दुसरा कायमस्वरूपी शोभेचा दिवा: नक्षीदार लोखंडी खांब, पुतळ्यावर किंवा कारंज्यावर सोडलेले रंगीत झोत, खांबांना गुंडाळलेल्या प्रकाशपट्ट्या. तिसरा उत्सवापुरती उभारलेली रोषणाई, म्हणजे तोरणे, माळा, कमानी आणि आकाशकंदील. पहिल्याबद्दल कोणाची तक्रार नसते, तक्रार असते ती तो बंद असल्याची. तिसऱ्याबद्दल मतभेद असतात, पण ते सौम्य, कारण सण संपला की माळा उतरतात. खरा वादग्रस्त प्रकार दुसरा होय, आणि दुर्दैवाने शासकीय निधी मिळवणे सर्वांत सोपे जाते तेही याच प्रकारासाठी. कारण नवे खांब उभारणे हा भांडवली खर्च असतो, त्यासाठी वरून अनुदान येते आणि उद्घाटनाचा समारंभही करता येतो, तर त्याच खांबांची पुढील दहा वर्षांची देखभाल हा महसुली खर्च असतो, तो पालिकेने स्वतःच्या उत्पन्नातून करावा अशी अपेक्षा असते आणि त्यासाठी कोणीही फीत कापायला येत नाही. भांडवली खर्च म्हणजे टिकाऊ मालमत्ता निर्माण करणारा एकदाचा खर्च. महसुली खर्च म्हणजे पगार, वीज, दुरुस्ती असा दर वर्षी परत परत उभा राहणारा. लहान पालिकांची तिजोरी अडचणीत येते ती बहुधा पहिल्याने नव्हे, दुसऱ्याने.

या ठिकाणी दोन्ही शहरांच्या आकाराची कल्पना असणे उपयोगी ठरेल. २०११ च्या जनगणनेनुसार डिचोली शहराची लोकसंख्या सुमारे १७ हजार होती आणि पेडणे शहराची साधारण ५ हजार. महाराष्ट्रातील एखाद्या मोठ्या ग्रामपंचायतीएवढी ही वस्ती. घरपट्टी, व्यवसाय परवान्यांचे शुल्क, बांधकाम परवान्यांचे शुल्क, फलकांचे शुल्क आणि बाजारात बसणाऱ्या विक्रेत्यांकडून रोजचा ‘सोपो’ अशी या पालिकांच्या स्वतःच्या उत्पन्नाची साधने आहेत. सोपो म्हणजे बाजारात जागा वापरल्याबद्दल द्यावयाची पट्टी. भाजी, मासळी, फुले घेऊन बसलेल्या बायका ती भरतात. चौकाच्या सुशोभीकरणाविरुद्ध बोलताना ‘आमच्या सोपोच्या पैशांतून हे दिवे’ असे कोणी म्हटले तर त्यात अतिशयोक्ती असेल, पण तथ्य अजिबात नाही असे म्हणता येणार नाही, कारण भांडवल वरून आले तरी देखभाल याच पैशातून करावी लागते.

डिचोलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. हा खाणींचा तालुका. लोहखनिजाच्या व्यवसायाने येथील ट्रकमालक, गॅरेजवाले, खानावळी आणि दुकाने यांना अनेक दशके हात दिला; २०१२ मध्ये खाणकाम थांबले, पुढे काही काळ सुरू झाले, आणि ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवल्यावर पुन्हा बंद पडले. लिलावाच्या नव्या पद्धतीने खाणी परत सुरू होईपर्यंत बाजारपेठेने मोठी मंदी सोसली. अशा काळात रोषणाईचा विचार दोन विरुद्ध दिशांनी केला जातो: एका मते पोटाला चिमटा बसलेला असताना दिव्यांवर पैसे उधळणे गैर, तर व्यापाऱ्यांच्या मते मंदीतच बाजार उजळलेला दिसला पाहिजे, नाहीतर उरलासुरला गिऱ्हाईकही म्हापशाकडे किंवा पणजीकडे वळेल. दुसरा युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा नाही. इंग्लंडमधील ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावाने १८७९ पासून रोषणाईचा जो उपक्रम चालवला, त्याचा पुढे रुळलेला उद्देश उन्हाळी हंगाम संपल्यावरही पर्यटकांना आणखी काही आठवडे थोपवून धरणे हाच होता. मात्र लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर १९५४ मध्ये नाताळची रोषणाई सुरू झाली तेव्हा तिच्यामागे त्या रस्त्यावरील व्यापाऱ्यांची संघटना उभी होती, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ज्याचा गल्ला वाढणार त्याने खर्चाचा काही वाटा उचलावा, हे तत्त्व डिचोलीच्या किंवा पेडण्याच्या दुकानदारांना अपरिचित नाही. सार्वजनिक गणेशोत्सवाची वर्गणी ते याच हिशेबाने देतात.

खाणींशी संबंधित एक निधीही या चर्चेत ओढला जातो. २०१५ मध्ये खाण व खनिज कायद्यात दुरुस्ती करून प्रत्येक खाणग्रस्त जिल्ह्यात ‘जिल्हा खनिज प्रतिष्ठान’ स्थापण्याची तरतूद झाली. खाणचालकांनी स्वामित्वधनाशिवाय भरलेला हा पैसा खाणबाधित लोकांसाठी वापरायचा असतो. केंद्राच्या मूळ मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे त्यातील किमान ६० टक्के रक्कम पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, प्रदूषण नियंत्रण अशा अग्रक्रमाच्या कामांवर खर्च झाली पाहिजे आणि उरलेली पायाभूत सोयींवर. शोभेचे खांब ‘पायाभूत सोय’ ठरवणे कागदोपत्री अशक्य नसले, तरी धुळीने माखलेल्या गावातील दवाखान्यासाठीचा पैसा कारंज्याच्या रंगीत झोतावर लावणे कोणत्याही विवेकी माणसाला पटणार नाही. वित्त आयोगाच्या अनुदानाचेही असेच आहे: पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांना दिलेल्या रकमेचा मोठा हिस्सा पाणी, स्वच्छता आणि घनकचरा यांना बांधून दिला होता. मग उरतात राज्य शासनाची अनुदाने, नगरविकास खात्याच्या किंवा राज्य नगरविकास यंत्रणेच्या योजना आणि पर्यटन खात्याचे उत्सवी साहाय्य. शिगमोत्सवाच्या चित्ररथ मिरवणुका पेडणे, डिचोली, साखळी येथे होतात, त्या या शेवटच्या मार्गाने. आणि त्या रात्रीपुरता उजेड हा मिरवणुकीच्या खर्चाचाच भाग मानला जातो.

आता प्रत्यक्ष खर्चाकडे वळल्यास एक गैरसमज दूर करावा लागेल. रोषणाईविरुद्धचा आक्षेप बहुधा ‘एवढी वीज जाळली’ या शब्दांत मांडला जातो. साधा हिशेब करून पाहावा. चौकातील सगळ्या माळा व झोत मिळून २० किलोवॉट वीज घेतात आणि त्या रोज ५ तास चालतात असे धरले, तर दररोज १०० युनिट, म्हणजे महिन्याला ३,००० युनिट वीज लागेल; युनिटला ६ रुपये धरल्यास हा आकडा १८ हजार रुपयांवर जातो. पूर्वी एक हजार दिव्यांच्या माळेत १५ वॉटचे बल्ब असत तेव्हा १५ किलोवॉट लागत. त्याच जागी एक वॉटचे एलईडी दिवे लावले तर एक किलोवॉट पुरतो. एलईडी म्हणजे प्रकाश देणारा अर्धवाहक घटक, ज्यात तार तापवून उजेड काढावा लागत नसल्यामुळे विजेची मोठी बचत होते. सारांश, विजेचे बिल हा या खर्चातील सर्वांत स्वस्त भाग होय. महाग पडते ती खरेदी किंवा भाडे, कमानीचा सांगाडा, जोडणीची मजुरी, रोज फिरून बंद दिवे शोधणारा माणूस आणि ठेकेदाराचा नफा; आणि नेमक्या याच बाबी ‘एकूण रोषणाई’ या एका ओळीत दडून जातात. विजेवर चर्चा करणारा नागरिक म्हणूनच चुकीच्या खिशाकडे बोट दाखवत असतो.

गोव्याच्या हवेचा विचार केल्यास देखभालीचा प्रश्न आणखी गंभीर होतो. राज्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत. पेडण्याच्या किनारपट्टीवर खारा वारा लोखंड कुरतडतो आणि डिचोलीत खनिजाची तांबडी धूळ दिव्याच्या काचेवर बसते. उघड्यावरील दिव्यांवर ‘आयपी ६५’ सारखा एक सांकेतिक क्रमांक असतो. त्यातील पहिला अंक धुळीपासून आणि दुसरा पाण्यापासून मिळणारे संरक्षण दर्शवतो, आणि ६५ म्हणजे धूळ पूर्णपणे अडवणारा व कोणत्याही दिशेने येणारा पाण्याचा फवारा सोसणारा दिवा. निविदेत हा क्रमांक, जमिनीशी जोडणी अर्थात अर्थिंगची अट आणि गळती होताच वीज तोडणाऱ्या यंत्राची अट नसेल, तर पहिल्या पावसाळ्यानंतर निम्मे खांब मुके होतात आणि उरलेले धोकादायक. एका पावसाळ्यात विझलेल्या शोभेच्या खांबांनी चौकाला जी अवकळा येते, ती खांब मुळातच नसते तर आली नसती.

वीजखात्याची रचनाही या वादाला वेगळे वळण देते. गोव्यात वीज मंडळ किंवा कंपनी नाही. वितरण थेट राज्य शासनाचे खाते करते, राज्याची स्वतःची वीजनिर्मिती जवळपास नसल्यामुळे ती बाहेरून घेतली जाते, आणि दर संयुक्त वीज नियामक आयोग ठरवतो, ज्यात सार्वजनिक दिव्यांचा एक स्वतंत्र वर्ग असतो. परिणामी पालिकेने बिल थकवले तरी ते शासनाच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात जायचे राहिलेले पैसे असे समजून सारेच निर्धास्त असतात. खर्च कोणाचा, हे स्पष्ट नसले की काटकसरीची जबाबदारीही कोणाची राहत नाही. महाजनांच्या जुन्या व्यवस्थेत निदान ही संदिग्धता नव्हती.

सार्वजनिक पैशातून एखाद्या धर्माच्या सणाला रोषणाई करावी काय, हा प्रश्न गोव्यात दबक्या आवाजात विचारला जातो. राज्यघटनेच्या २७ व्या अनुच्छेदानुसार विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी म्हणून राखलेला कर भरण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही; परंतु सर्वसाधारण महसुलातील अल्प वाटा अशा कामी गेल्यास या तरतुदीचा भंग होत नाही, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २०११ मधील हज अनुदानाच्या प्रकरणात लावला. गोव्यात चवथ (गणेश चतुर्थी), दिवाळी, नाताळ आणि शिगमो या सर्वांना चौक उजळतो, म्हणून हा वाद येथे तत्त्वाचा न होता समानतेचा होतो: त्यांच्या फेस्ताला किती माळा आणि आमच्या जत्रेला किती, अशा मोजमापाचा.

पेडणे तालुक्यात मात्र उजेडाविरुद्ध एक असा पक्ष आहे, जो कोणत्याही सभेला येऊ शकत नाही. मोरजी आणि मांद्रे येथील किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे हिवाळ्यात अंडी घालतात. वाळूतून बाहेर पडलेली पिल्ले क्षितिजावरच्या सर्वांत उजळ भागाकडे धाव घेतात. निसर्गतः तो भाग समुद्राचा असतो, पण किनाऱ्यामागे दिव्यांचे झोत असले तर पिल्ले पाण्याऐवजी त्यांच्याकडे वळतात आणि मरतात. म्हणून एकाच तालुक्यात बाजारचौकासाठी अधिक प्रकाश आणि दहा-पंधरा किलोमीटरवरच्या वाळूसाठी कमी प्रकाश अशा दोन रास्त मागण्या एकाच वेळी उभ्या आहेत. मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाल्यापासून पेडण्याचे रूप झपाट्याने पालटते आहे, आणि येणाऱ्या पाहुण्याला प्रवेशद्वारातच झगमगाट दिसावा ही इच्छा त्या बदलाबरोबर येणारच. प्रकाश प्रदूषण हा विषय आता केवळ खगोलप्रेमींचा राहिलेला नाही: महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारे क्षेत्र, अशी मान्यता मिळाली.

शोभेच्या दिव्यांवरून न्यायालयाची पायरी चढल्याचे ठळक उदाहरण मुंबईचे. २०२२ च्या अखेरीस मुंबई महानगरपालिकेने सुमारे १,७०० कोटी रुपयांचा सुशोभीकरणाचा कार्यक्रम हाती घेतला. पूल, खांब, चौक आणि रस्त्याकडेची झाडेसुद्धा दिव्यांनी गुंडाळली गेली. झाडांवरील पक्षी व कीटकांना आणि खुद्द झाडांना त्याचा उपद्रव होतो, असा मुद्दा घेऊन जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली, आणि २०२४ मध्ये पालिकेला झाडांवरील माळा उतरवण्याची भूमिका घ्यावी लागली. गोवा याच उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात येतो आणि राज्यात १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदाही आहे. चौकातल्या वडाला किंवा आंब्याला खिळे ठोकून माळा अडकवणाऱ्या ठेकेदाराला या घटनांची माहिती असलेली बरी. युरोपात तर युक्रेन युद्ध सुरू झाल्यानंतरच्या ऊर्जाटंचाईत जर्मनीने १ सप्टेंबर २०२२ पासून सार्वजनिक इमारती आणि स्मारके यांवरील शोभेचे झोत बंद केले आणि पॅरिसने आयफेल मनोऱ्याचे दिवे रात्री पावणेबारालाच मालवण्यास सुरुवात केली. दिवे लावण्याची वेळ आपल्याकडे सगळे ठरवतात, मालवण्याची कोणी ठरवत नाही.

मग हा सारा विचार नागरिकांनी मांडायचा कोठे? येथे एक विसंगती आढळते. गोव्याच्या १९९४ च्या पंचायत राज कायद्याने ग्रामसभा भरवणे बंधनकारक केले असून तेथील रविवारच्या ग्रामसभा खडाजंगीसाठी प्रसिद्ध आहेत. मोरजीच्या मतदाराला सरपंचासमोर उभे राहून खांबाची किंमत विचारता येते. शहरातल्या मतदाराला तशी सभा नाही. घटनेने नगरपालिकांसाठी प्रभाग समित्यांची तरतूद केली खरी, परंतु ती तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी, आणि गोव्यातील एकही शहर त्या संख्येच्या जवळपास नाही. त्यामुळे पेडणे किंवा डिचोलीच्या नागरिकाच्या हाती नगरसेवकाला गाठणे, वर्तमानपत्राला पत्र लिहिणे आणि माहितीचा अधिकार वापरणे एवढेच उपाय उरतात. माहिती अधिकाराच्या बाबतीत गोवा पुढारलेला होता, कारण देशाचा कायदा २००५ मध्ये होण्याआधी, १९९७ मध्येच, या राज्याने स्वतःचा कायदा केला होता; पण तो अधिकार खर्च होऊन गेल्यावर कामी येतो, खर्च ठरत असताना नव्हे.

ठरण्याच्या वेळेचा हा मुद्दा कळीचा आहे. पालिकेचा अर्थसंकल्प ३१ मार्चपूर्वी मंजूर होतो, तेव्हा शिगम्याचे दिवस असतात किंवा तो नुकताच आटोपलेला असतो आणि चवथ अजून पाच महिने दूर असते. रोषणाईसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचे वेगळे शीर्षक, त्या वेळी ठेवले गेले आणि त्यात देणगी किती, अनुदान किती, पालिकेचे स्वतःचे किती व देखभाल कोणाची हे लिहिले गेले, तर पुढील भांडणाचे निम्मे इंधन संपते. असे शीर्षक नसले की चवथ, दसरा, कोजागिरीची पेडण्यातील पुनव, दिवाळी, १९ डिसेंबरचा मुक्तिदिन, नाताळ आणि नव्याचा सोमवार अशी एकामागून एक निमित्ते येतात, दर वेळी रोषणाई ‘ऐनवेळचा विषय’ म्हणून सभेपुढे ठेवली जाते किंवा आधी करून मागाहून ‘कार्योत्तर मंजुरी’ घेतली जाते. कार्योत्तर मंजुरीच्या ठरावाला विरोध करणाऱ्या नगरसेवकाचे भाषण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येते. ठराव मात्र सहसा मंजूर होतो, कारण तोवर माळा उतरलेल्या असतात आणि ठेकेदाराचे बिल देणे लागलेले असते.